वामूची कात आनि नातालीनचं लुगडं

मी पाचूबंदरचा. जन्म इथलाच, वसईच्या किल्ल्याच्या तटाखालच्या वाडीतला, तेव्हा घर कुडाचं व्हतं आनि उधाणाच्या भरतीला पानी ओट्याला लागायचं. नाव बस्त्याव. बापाची स्वतःची होडी नव्हती, दुसऱ्याच्या होडीवर खलाशी, आनि मी तिसरीतनं शाळा सोडली तो बापाच्या मागं त्याच होडीवर चढलो, त्यामुळं लिवायला येत नाय फारसं, सही येते. वाचायला येतं ते चर्चमधल्या गायनाचं पुस्तक, कारन ती गानी मला पाठच हायेत. म्हनून मी बोलतो, तुमी लिवा. पन जसं बोलतो तसंच लिवा, साखर लावू नका. मला सगळी वाडी तोंडाळ म्हनते, म्हनू द्या. माझी बायको नातालीन म्हनायची, माशाच्या कल्ल्याला असतं तसं झाकन देवाने तुझ्या तोंडाला द्यायला पायजे व्हतं.

तुमी सापाचं विचारायला आलात. सांगतो ना. पन सापाचं सांगायचं त आधी नातालीनचं सांगायला लागेल, कारन साप सांभाळायला मी तिच्याकडनंच शिकलो, आनि चुकलो तोही तिच्याचमुळं. आता ती नाय. सव्वा वर्ष झालं. बसा नीट, ती खुर्ची हलते, दुसरी घ्या.

नातालीन अर्नाळ्याची. लग्न झालं तेव्हा एवढीशी व्हती, पन बाजारात बसली की तिच्यासमोर पोलीसही भाव करीत नव्हता. वसईच्या बाजारात चाळीस वर्षं मासळी विकली तिने, आनि त्यातही चिंबोरी, म्हन्जे खाडीचा खेकडा. चिंबोरी विकनं येड्यागबाळ्याचं काम नाय. मेलेली चिंबोरी कोन घेतं? ती जिती पायजे. आता बाकीच्या बाया काय करायच्या, बादलीत पानी भरून त्यात चिंबोऱ्या सोडायच्या, आनि दुपारपर्यंत बादलीतल्या अर्ध्या मरायच्या, कारन साचलेल्या पान्यात तिचा श्वास कोंडतो. नातालीन पाटीत ठेवायची कोरड्याच, आनि वरनं गोनपाट, खाडीच्या पान्यात बुडवून पिळलेलं. ओलं, पन ठिबकनारं नाय. तेवढ्या ओलीवर चिंबोरी दोन-दोन दिवस जगते. पानी दर वेळी खाडीचंच. गोडं पानी लागलं की चिंबोरी संपली, असं तिचं म्हननं, आनि गोडं पानी आमच्याकडं तसंही पिन्यापुरतंच, विहिरी खारट, नळ दिवसातनं एकदा.

आनि तिचा हात! काय सांगू तुमाला. चिंबोरीच्या पोटावर अंगठा दाबून सांगायची, ही भरलेली, ही पोकळ, हिने आत्ताच कवच टाकलंय. चिंबोरी अंगावरचं कवच टाकते हे ठाऊक हाय ना तुमाला? कवच टाकलेली मऊ असते, शिजवली की पानीच पानी. बाकीच्या बाया तीच गिऱ्हाईकाच्या गळ्यात मारायच्या. नातालीन परत खाडीत सोडायला लावायची मला. मी ओरडायचो, अगो फुकट जाते. त ती म्हनायची, तिला सध्या अंगावर कायपन नाय, अशा वेळी हात लावू नये.

आता सापाकडं येतो. माझ्या पोराची पोरगी जेनी, विरारला आईबापाबरोबर फ्लॅटमध्ये राहते, जनावरांच्या डॉक्टराकडं कामाला हाय. तीन वर्षांमागं नालासोपाऱ्याला एक कुटुंब बिऱ्हाड हलवून गावी निघालं, त्यांच्या पोराने एक साप पाळलेला, तो कुठं न्यायचा म्हनून ते डॉक्टराकडं घेऊन आले आनि जेनीने तो आपल्या अंगावर घेतला. आपल्या रानातला साप घरात ठेवला त गुन्हा हाय, तुरुंगात टाकतात, पन हा आफ्रिकेकडचा, अजगराच्या जातीतला लहानगा, विष नाय, आनि त्याचे सरकारी कागद असतात ते जेनीने सगळे आपल्या नावावर करून घेतले. पन सूनबाय म्हनाली, घरात साप आला त मी माहेरी. मंग काय, काचेची पेटी आली पाचूबंदरला. आजा-आजी कशासाठी असतात?

आमच्या घरातल्या आल्तारावर, म्हन्जे देव्हाऱ्यावर, देवाच्या आयची, माऊलीची मूर्ती हाय, तिच्या पायाखाली साप हाय, सगळ्यांच्या घरी असतो. नातालीन पहिल्या दिवशी म्हनाली, बस्त्याव, माऊलीने ज्याला पायाखाली दाबलाय त्यालाच तुझी नात उचलून घरात आनते. दोन दिवस पेटीकडं पाठ करून जेवली. तिसऱ्या दिवशी बघते त तो गोळा होऊन बसलेला, चेंडूसारखा, तोंड मधी लपवून. म्हनाली, हा त वामच हाय, वाम मासा असतो ना लांब, गुळगुळीत, तसाच हा, आनि किती घाबरट! तेव्हापासून त्याचं नाव वामू. बाजारातल्या बाया विचारायच्या, नातालीनबाय, तुझी वाम केवढ्याला देतेस? ती म्हनायची, तुझा नवरा दे नि घेऊन जा, वर चार बोंबील देते. आनि घराला आशीर्वाद द्यायला फादर आले ते पेटी बघून दारातच थबकले, लांबनंच पवित्र पानी शिंपडलं. त ही म्हनते, फादर, त्याच्यावर जरा जास्त शिंपडा, त्याला ओल लागते.

लागतेच. कात टाकताना लागते. पहिल्या वेळी वामूचे डोळे निळसर दुधी झाले, अंगाचा रंग मेला, आनि आमी मासळीवाली मानसं, आमाला डोळा पांढरा झाला की एकच कळतं, माल शिळा. नातालीन रडायला लागली, हा गेला म्हनून. जेनी आली, हसली, म्हनाली, आजी, गेला नाय, कात टाकनार हाय, आता त्याला धड दिसत नाय, म्हनून हात लावू नका, खायला देऊ नका, पेटीत एका डब्यात ओला कपडा ठेवा, तो आपला आत जाऊन बसेल. आनि बघा, नातालीनने जेनीचा कपडा काढला नि आपली चिंबोरीची अक्कल लावली, गोनपाट बुडवून पिळलं, ओलं पन ठिबकनारं नाय. वामूने कात टाकली ती नाकापासून शेपटीपर्यंत अख्खी, मोजा पायातनं उलटा काढावा तशी. जेनी आपल्या डॉक्टराला फोटो दाखवून आली. डॉक्टर म्हनाले, तुझ्या आजीला माझ्याकडं कामाला पाठव.

मंग नातालीन आजारी पडली. साखर, मंग किडनी. दवाखान्यात अठरा दिवस. तिची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालेली, आनि हातावर सलाईनची चिकटपट्टी. एक बाई घाईत आली, पट्टी ओढली, पट्टीबरोबर कातडी आली. नातालीनने नुसते डोळे मिटले. मी जो ओरडलो तो खालच्या मजल्यावर ऐकू गेला. दुसऱ्या दिवशी दुसरी नर्स आली, डहाणूकडची पोर, तिने कापूस कोमट पान्यात भिजवला, पट्टीवर ठेवला आनि बसून राहिली. नातालीनला चिंबोरीचा भाव विचारत बसली. दहा मिनिटांनी पट्टी आपसूक सुटली. ती गेल्यावर नातालीन म्हनाली, हिला माझ्या पाटीवर बसव, ही चांगली चिंबोरी धरील. त्यानंतर चार दिवसांनी ती गेली.

मी घरात एकटा राहिलो, मी आनि वामू. पोरगा म्हनायचा, पप्पा, विरारला चला, तुम्हाला स्वतःचा चहा करता येत नाय. खरं व्हतं. पन विरारला वामू चालत नव्हता, म्हनून मी गेलो नाय. खरं सांगू, वामूचं निमित्त व्हतं.

गेल्या जानेवारीत जेनीची पुन्याला परीक्षा निघाली, बारा दिवसांची. एरवी ती दर आठवड्याला येऊन त्याचं बघायची, त्याचा उंदीर आनायची, बर्फातला, आमी होडीवर मासा ठेवतो तसा. जाताना म्हनाली, आजा, याचे डोळे दुधी व्हायला लागलेत, मी नसताना कात टाकेल, तुला जमेल ना? मी म्हनालो, तुझ्या आजीचं बघून मला सगळं येतं. केवढा शहाना मी!

नातालीनचं चिंबोरीचं गोनपाट अजून खिळ्याला टांगलेलं व्हतं. ती गेल्यापासनं कोनाला हात लावू दिला नव्हता. ते काढलं, धक्क्यावर गेलो, खाडीच्या पान्यात बुडवलं, पिळलं, ओलं पन ठिबकनारं नाय, डब्यात घातलं. रोज तेच. तिने केलं तसंच केलं, तिच्याच गोनपाटाने, तिच्याच हाताने केल्यासारखं, आनि मला लय बरं वाटायचं. वामू डब्यात जायचा आनि लगेच बाहेर यायचा. मी म्हनायचो, लाडावलाय.

सहाव्या दिवशी बघतो त कात चिंध्या-चिंध्या झालेली. अर्धी अंगावर चिकटून वाळलेली, शेपटीच्या टोकाला कड्यासारखी आवळलेली, आनि दोन्ही डोळ्यांवर जुना पापुद्रा तसाच, सुरकुतलेला, दाबलेला. सापाला पापनी नसते, डोळ्यावर काचेसारखं खवलं असतं आनि ते कातीबरोबर निघायला पायजे. नाय निघालं आनि कोनी ओरबाडलं त डोळाच जातो. जेनीने हे मला शंभरदा सांगितलेलं. वामू भिंतीला तोंड आपटत व्हता.

मी त्याला मांडीवर घेतला. चाळीस वर्षं मी जाळी सांधलीत, काळोखात, हलत्या होडीत, माझ्या नखाला धाग्याची गाठ दिसते. डोळ्यावरचा पापुद्रा त काय, कड थोडी उचललेलीच दिसत व्हती. मी नख नेलं. टेकवलंही. आनि मला ती पट्टी आठवली. नातालीनने नुसते डोळे मिटलेले. वामूला तेपन मिटता येत नाय.

नख काढलं. फोन लावला जेनीला. म्हनालो, जेनीबाय, मी तुझा साप आंधळा केला.

ती ओरडली नाय. विचारलं, आजा, पेटी कुठं हाय? खिडकीशी, म्हनालो. वारा कसला? मतलई, म्हनालो, जमिनीवरचा, कोरडा, बोंबील मस्त सुकतायत. आनि कपडा कुठल्या पान्यात भिजवलास? खाडीच्या. ती म्हनाली, आजा, तू त्याला खारवलास रे.

बघा तुमी. आयुष्य गेलं मासा खारवन्यात, मीठ पानी ओढून घेतं हे माझ्या आज्यालाही ठाऊक व्हतं, आनि मी मिठाचं गोनपाट त्या जिवाला पांघरलं, वर बोंबील सुकवायच्या वाऱ्यात ठेवलं. मी विचारलं, मंग नातालीनचं कसं जमायचं? त जेनी म्हनाली, आजी वामूसाठी नळाचं पानी घ्यायची, आजा. तिचं वेगळं गोनपाट व्हतं, पलंगाखालच्या डब्यात. मला तिने हात धरून दाखवलेलं. चिंबोरी समुद्राची, हा मातीचा, असं म्हनायची. तुला नाय सांगितलं कारन तू म्हनला असतास, सापावर पिन्याचं पानी नासवते.

म्हनलाच असतो. त्यात काय खोटं नाय. उभा जन्म जिच्यासोबत काढला, ती माझ्या पाठीमागं पिन्याचं पानी चोरून सापाला द्यायची. मी पलंगाखाली बघितलं, डबा तिथंच.

मंग जेनीने एकेक सांगितलं. पेटी खिडकीपासनं लांब. टोपात कोमट पानी, हाताला गरम लागता कामा नये, फक्त त्याच्या पोटापर्यंत, झाकन अर्धवट, अर्धा तास, आनि तू तिथनं उठायचं नाय. मंग मऊ सुती कपडा ओला करून दोन्ही हातांत धर आनि त्याला त्यातनं स्वतःला जाऊ दे. तू ओढायचं नाय, तो ओढेल. आनि डोळ्याला हात लावायचा नाय. हे शेवटचं तिने तीनदा सांगितलं. मी म्हनालो नाय की लावून झालाय.

नळाचं भरून ठेवलेलं सगळं पानी घेतलं. त्या दिवशी मी चहापन केला नाय. वामू टोपात बसला, आधी सरळ, मंग गोळा, मंग नाक तेवढं वर काढून शांत. तो पानी पीत व्हता. लय वेळ पीत व्हता. मला शरम वाटली.

आता मऊ कपडा. माझ्या घरात मऊ काय असनार? टॉवेल बाजारातला, खरखरीत, लुंगी नायलॉनची. मऊ एकच व्हतं, नातालीनची लुगडी, पेटाऱ्यात. सूनबायने दोनदा मागितली व्हती, गोधडी शिवते म्हनून, आनि दोन्ही वेळा मी तिला नको ते बोललो व्हतो. पेटारा उघडला. वर डांबराच्या गोळ्यांचा वास आनि खाली तिचा. एक हिरवं, घरात नेसायचं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. काठ दातात धरला आनि फाडलं. आवाज लय मोठा आला हो. शेजारची विचारायला आली काय फाटलं म्हनून. मी म्हनालो, शीड.

ओलं लुगडं दोन्ही हातांत सैल धरलं आनि वामूचं तोंड त्यात दिलं. तो थांबला. मंग निघाला. काय ताकद असते त्या अंगात, नुसत्या पोटाने चालतो पन ओल्या दोरासारखा हातातनं सरकतो, आनि जसा पुढं जाईल तशी जुनी कात लुगड्यात राहत जाते, मला काय करावंच लागेना, फक्त धरून राहायचं. जाळं टाकताना असंच असतं, होडी ओढते, आपन फक्त हातातनं सोडायचं. पहिल्यांदा गेला, पाठ सुटली. परत टोपात, परत लुगड्यात. तिसऱ्यांदा शेपटीचं कडं आलं, आनि जेव्हा लुगडं उघडून बघितलं तेव्हा त्यात एक बारीक गोल खवलं, मांदेलीच्या खवल्याएवढं, पारदर्शक. उजवा डोळा सुटला व्हता. काळा कुळकुळीत, मला बघत व्हता.

डावा तसाच राहिला. मी अजून दोनदा पाठवला त्याला. मंग थांबलो. पुरे म्हनालो, त्याला आनि मला.

जेनी आली ती पिशवी न ठेवताच डॉक्टराकडं घेऊन गेली. मी घरात माळ धरून बसलो, पन माळेचे मनी कुठपर्यंत आले तेच कळेना. ती परत आली, म्हनाली, डॉक्टर म्हनाले डोळा आतनं शाबूत हाय, पापुद्रा पुढच्या कातीबरोबर जाईल, आता कोनी काय करायचं नाय. आनि म्हनाले, ज्याने हा भिजवला त्याने डोळ्याला नख लावलं नाय म्हनून वाचला. मी म्हनालो, परत सांग. तिने परत सांगितलं. मंग मी तिला खरं काय ते सांगून टाकलं, नख टेकवलेलं. ती म्हनाली, काढलंस ना पन.

त्या पोरीचं मला कौतुक वाटतं, लिवा हे. शिकलेली मानसं मी लय बघितली, चूक सापडली की कोळ्याच्या डोक्यावर उभी राहतात. हिने मला कधी बोलून दाखवलं नाय.

पुढची कात यायला दीड महिना लागला. दीड महिना वामूला डावीकडचं दिसत नव्हतं. मी पेटीशी उजवीकडनं जायचो, आधी बोलायचो, वामू, मी हाय रे, बस्त्याव. साप ऐकत नाय म्हनतात, न ऐको. पोरगा एकदा आला नि दारात उभा राहून ऐकत राहिला. म्हनाला, पप्पा, तुम्ही माझ्याशी कधी एवढं हळू बोलला नाय. मी म्हनालो, तू कधी कात टाकलीस? तो हसला, पन मला त्या दिवशी जेवन गेलं नाय. खरं बोलला व्हता. जाताना त्याला मी म्हनालो, हळू जा रे बाबा. तो वळून बघायला लागला.

मंग डोळे परत दुधी झाले, आनि या वेळी मी घाबरलो नाय. डब्यात पलंगाखालचं गोनपाट, नळाच्या पान्यात बुडवलेलं, पिळलेलं, आनि हिरव्या लुगड्याचा तुकडा. पेटी आतल्या खोलीत, वाऱ्याला पाठ. रोज सकाळी बोट लावून बघायचो, ओलं हाय का, ठिबकत त नाय. तो डब्यात शिरला तो बाहेर येईना, तोंड तेवढं भोकातनं काढून बसायचा, नातालीन पाटीमागं बसायची तशी. रविवारी चर्चात मिस्साला गेलो, परत आलो त पेटीत कात पडलेली. अख्खी, उलटी, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, कुठं फाटलेली नाय. मी चष्मा लावला, डोक्याकडचा भाग उजेडाला धरला. दोन गोल खिडक्या. उजवी पातळ, डावी जाड, दोन थरांची. जुनं आनि नवं, दोन्ही एकदम निघालं व्हतं. आनि वामूचा डावा डोळा, काय सांगू तुमाला, पहाटे होडीवर आलेल्या ताज्या सरंगा माशाचा असतो ना, तसा. मी डावीकडनं हात पुढं केला. त्याने मान वळवली.

बस एवढंच. सूनबायला मी स्वतः बोलावलं आनि बाकीची लुगडी दिली, तिने गोधडी शिवली, ती माझ्याच अंगावर असते. हिरवा तुकडा मी दिला नाय, तो वामूचा. खाडीचं गोनपाट परत खिळ्याला टांगलंय, मीठ धुतलं नाय, ते चिंबोऱ्यांचं, नि चिंबोऱ्या आता या घरात कोन आननार, असो, टांगलेलं असू दे. चहा मला आता येतो, तुमी प्यालात तो मीच केला. वाईट असेल त सांगू नका.

वामू असाच वीस-पंचवीस वर्षं जगेल म्हनते जेनी. म्हन्जे मला पोचवूनच थांबेल. मंग त्याला जेनी बघेल, तिला सगळं ठाऊक हाय, तिचं चांगलं चाललंय, देव तिचं भलं करो, आनि तुमचंपन. जाताना हात धुऊन जा, त्याला हात लावलात ना? नळाला आत्ताच पानी आलंय. गोडं हाय, हात आखडू नका, भरपूर घ्या.